घरात वाजवायला गिटारचा अ‍ॅम्प : बजेट दहा हजार, मुक्काम सांगली

विश्रामबागची

नमस्कार. इथलं बरंच वाचत असते, लिहायची ही पहिलीच वेळ.

विलिंग्डन कॉलेजला असताना गिटार शिकले, अकूस्टिक. पुढे लग्न, नोकरी, मुलगा, आणि गिटार पंधरा वर्षं माळ्यावर. २०२० च्या लॉकडाउनमध्ये खाली काढली, तारा बदलल्या, आणि त्यानंतर फारसा खंड पडलेला नाही. रात्रीची भांडी आवरली की साडेनऊ ते सव्वादहा ही माझी वेळ. घरात सगळ्यांना ते माहीत आहे आणि त्या पाऊण तासात मला कोणी काही मागत नाही.

गेल्या महिन्यात भाचा नोकरीसाठी बंगळूरला गेला आणि जाताना त्याची इलेक्ट्रिक गिटार माझ्या हवाली करून गेला. स्ट्रॅट धाटणीची, तीन सिंगल कॉइल पिकअपची (पिकअप म्हणजे तारांचे कंप पकडून विजेचा सिग्नल करणारा भाग). तारा इतक्या हलक्या की बार कॉर्ड धरताना मनगट दुखत नाही. ही मला वीस वर्षांपूर्वी मिळायला हवी होती असं वाटलं.

पण अ‍ॅम्प नाही. घरात जुनं २.१ होम थिएटर आहे, त्याला कनेक्टर लावून गिटार जोडली. आवाज आला, पण अंगावर गोधडी घेऊन गायल्यासारखा. मग फोनमधलं एक अ‍ॅप वापरून डिस्टॉर्शन (रॉकमधला तो फाटलेला आवाज) लावून बघितलं, तर डबीत माशी अडकल्यासारखं ऐकू यायला लागलं. गिटारमध्येच काही दोष आहे की काय अशी शंका आली.

इथल्या एका दुकानात चौकशी केली. त्यांनी ४० वॉटचा क्यूब दाखवला. कीबोर्ड, माइक, गिटार, सगळं चालतं म्हणाले. "ताई, दहा वॉट म्हणजे खेळणं, चार दिवसांत परत याल," असंही म्हणाले. गिटार लावून दाखवा म्हटलं तर दुकानात गिटारची केबल नव्हती.

आमचा फ्लॅट दुसऱ्या मजल्यावर. खालच्या काकूंची झोप सावध आहे, आणि मुलाचं यंदा दहावीचं वर्ष. शिकवण्यांतून बाजूला काढलेले दहा हजार आहेत, ते एकदाच खर्च करता येतील. वॉट किती घ्यावेत? गिटारचाच अ‍ॅम्प हवा की तो सगळं चालणारा? जाणकारांनी सांगावं.

अजिंक्यतारा७

ताई, स्वागत. मी साताऱ्याचा, शाहूपुरीत राहतो. आर्केस्ट्रात आणि गणपतीच्या कार्यक्रमांत बरीच वर्षं लीड वाजवतो. तुमच्या गिटारमध्ये काहीही दोष नाही. तुम्हाला आलेली माशी प्रत्येकाला एकदा भेटते.

कारण सांगतो. गिटारच्या अ‍ॅम्पमधला स्पीकर गाणी ऐकायच्या स्पीकरसारखा नसतो. साधारण ५ हजार हर्ट्झच्या वर तो जवळजवळ गप्प होतो. ही त्याची उणीव नाही, गिटारचा जो आवाज आपण रेकॉर्डवर ऐकत मोठे झालो तो तसाच घडलाय. डिस्टॉर्शन लावलं की मूळ सुराच्या वर ढिगाने नवे कंप तयार होतात. त्यातले वरचे कर्कश कंप गिटारचा स्पीकर गाळून टाकतो. होम थिएटरमध्ये, कीबोर्डच्या अ‍ॅम्पमध्ये सगळं प्रामाणिकपणे वर येतं, कारण त्यांत ट्वीटर (वरच्या बारीक सुरांसाठीचा छोटा स्पीकर) असतो आणि त्यांचं काम तेच आहे. चहा न गाळता कपात ओतल्यासारखं होतं ते.

म्हणून त्या ४० वॉटच्या क्यूबबद्दल एकच विचारा : त्याच्या गिटार चॅनलला गिटारसाठीचा वेगळा आवाज आहे का, की माइकचीच वाट गिटारला दिली आहे? कीबोर्ड आणि भजनासाठी ते क्यूब उत्तम, आमच्याकडे दोन आहेत. इलेक्ट्रिक गिटारला मात्र गिटारचाच अ‍ॅम्प घ्या. अकूस्टिकचं उलटं असतं, तिला पिकअप असेल तर सगळं सांगणारा स्पीकरच बरा वाटतो.

तासगावचा_पोरगा

ताई, अ‍ॅम्प घेऊच नका की! गिटारच्या जॅकमध्ये थेट खोचायचा हेडफोन अ‍ॅम्प येतो. व्हॉक्सचा अ‍ॅमप्लग बघा, दोन बारीक सेलवर चालतो. काकू झोपल्या काय, जाग्या काय, काय फरक पडत नाही. मी हॉस्टेलवर दोन वर्षं त्याच्यावरच वाजवतोय. राहिलेल्या पैशात चांगल्या तारा आणि सेटअप करून घ्या.

सोल्डरगन

कुपवाडला असतो. अ‍ॅम्प, मिक्सर, देवळातले साउंड सिस्टिम दुरुस्त करणं हा धंदा. अजिंक्यतारांनी माशीचं सांगितलं, मी गोधडीचं सांगतो.

गिटारच्या पिकअपमध्ये बारीक तांब्याच्या तारेचे हजारो वेढे असतात. त्यातून निघणारा सिग्नल अगदी नाजूक असतो, त्याला पुढचं यंत्र 'जड' चालत नाही. म्हणून गिटार अ‍ॅम्पच्या इनपुटचा रोध सहसा १० लाख ओहम, म्हणजे १ मेगाओहम ठेवतात. होम थिएटरचं लाइन इनपुट १० हजार ते ५० हजार ओहमच्या घरात असतं. तिथे गिटार लावली की सिग्नल दबतो, आणि सगळ्यात आधी वरचे सूर जातात. उरतो तो बसका आवाज. कनेक्टर कितीही भारी आणला तरी हे बदलत नाही.

आता वॉट. दुकानदाराचं म्हणणं गिऱ्हाइकाला पटतं, कारण ४० हा आकडा १० च्या चौपट दिसतो. कान असं मोजत नाहीत. वॉट दुप्पट केले की आवाज ३ डेसिबलने वाढतो, तो फरक लक्ष देऊन ऐकला तर कळतो. कानाला दुप्पट मोठं वाटायला साधारण १० डेसिबल लागतात, आणि त्याला वॉट दहापट करावे लागतात. म्हणजे १० वॉटच्या दुप्पट मोठा आवाज हवा असेल तर १०० वॉट. तुमचा ४० वॉटवाला १० वॉटवाल्यापेक्षा फक्त ६ डेसिबल पुढे आहे.

शिवाय गिटारचे मोठे स्पीकर फार कार्यक्षम असतात. १ वॉट दिला की एक मीटरवर ९५ ते १०० डेसिबल देणारे कितीतरी आहेत. साधं बोलणं ६० च्या आसपास असतं. रात्री साडेनऊला तुम्ही वापराल तो वॉटचा छोटासा अंश असेल. तेव्हा प्रश्न 'वॉट किती' हा नाहीच. तो अ‍ॅम्प हळू आवाजात कसा वाजतो, हा आहे. पुष्कळ अ‍ॅम्प चारवर ठेवले की छान वाजतात आणि एकवर ठेवले की मरगळतात. तुम्हाला एकवर जिवंत राहणारा हवा.

विश्रामबागची

दोघांचेही मनापासून आभार. गोधडी आणि माशी, दोन्हींचं कारण कळलं. गिटार बिघडलेली नाही हे वाचून रात्री छान वाजवलं (अ‍ॅम्पशिवायच).

तासगावच्या भावा, तुझी सूचना खरंच चांगली आहे. पण सासूबाई आतल्या खोलीत असतात, त्यांना रात्री उठायला आधार लागतो. कान बंद करून बसणं मला जमणार नाही, त्यांची हाक ऐकू यायला हवी. आणि दुसरं म्हणजे मला तो आवाज खोलीत हवाय. अकूस्टिकची सवय आहे, छातीला लाकूड थरथरलेलं कळतं. हेडफोनमध्ये सगळं डोक्याच्या आत होतं.

तासगावचा_पोरगा

समजलं ताई. मग हेडफोनचं भोक असलेलाच अ‍ॅम्प घ्या, दहावीच्या परीक्षेच्या दिवसांत लागेलच. आणि मॉडेलिंगवाला घ्या, म्हणजे एकाच डब्यात निरनिराळ्या अ‍ॅम्पच्या आवाजांची नक्कल करणारा. रोलंडचा मायक्रो क्यूब जीएक्स ३ वॉटचा आहे, ५ इंची स्पीकर, सहा पेन्सिल सेलवरपण चालतो. लाईट गेली तरी वाजवा. आत ट्यूनर, रिव्हर्ब (आवाजाला घुमारा देणारा), डिले (प्रतिध्वनी), आठ प्रकारचे अ‍ॅम्प. बॉसचा कटाना ५० मला सगळ्यात आवडतो, त्यात ५० वरून अर्ध्या वॉटवर उतरायची सोय आहे, पण तो तुमच्या बजेटच्या बराच वर.

अजिंक्यतारा७

मित्रा, मॉडेलिंगला माझा विरोध नाही, पण ताईंच्या वापराकडे बघ. रोजचा पाऊण तास. साठ आवाज दिले की त्यातला अर्धा वेळ आवाज बदलण्यात जातो. माझे विद्यार्थी बघतोय मी : गिटार गळ्यात, बोट बटणावर. गेन, व्हॉल्यूम, बास, ट्रेबल, एवढ्या चार खुंट्यांवर वर्षभर काढावं. आपला आवाज सापडला की मग हवं ते घ्यावं.

तासगावचा_पोरगा

दादा, मान्य नाही. रिव्हर्ब नसला की छोट्या खोलीत क्लीन (डिस्टॉर्शन नसलेला) आवाज एवढा कोरडा लागतो की वाजवावंसं वाटत नाही. मी पहिला अ‍ॅम्प त्याच कारणानं विकला. नवशिक्याला चार खुंट्या ठीक, ताई नवशिक्या नाहीत.

अजिंक्यतारा७

रिव्हर्बचं खरं आहे. हे मी धरलं नव्हतं. साताऱ्याला माझी खोली जुन्या घरातली, उंच छताची, तिथे भिंतीच रिव्हर्ब देतात. फ्लॅटमध्ये पडदे, गादी, कपाट, आवाज गिळून टाकतात. ताई, रिव्हर्ब असलेला बघा. बाकीच्या साठ आवाजांबद्दल मी अजून जिथल्या तिथे आहे.

नवीन घ्यायचा तर दहा वॉटच्या आसपास ही नावं चौकशीत ठेवा. फेंडर फ्रंटमन १०जी (१० वॉट, ६ इंच), मार्शल एमजी१० (१० वॉट, साडेसहा इंच), ऑरेंज क्रश १२ (१२ वॉट, ६ इंच). तिन्ही साधे, घरासाठीच केलेले. मात्र या धाकट्या मॉडेलांत रिव्हर्ब नाही. जरा वर गेलात की फेंडर चॅम्पियन २०, त्यात ८ इंची स्पीकर आणि रिव्हर्बसकट इफेक्ट आहेत. ६ वरून ८ इंचावर जाण्यात जो फरक आहे तो १० वरून २० वॉटवर जाण्यात नाही. गिटारची जाड ई तार ८२ हर्ट्झला वाजते. लहान डब्यातला लहान स्पीकर तो खर्ज पुरता देऊच शकत नाही, कानाला फक्त त्याची वरची सावली मिळते. बजेट कमी पडत असेल तर वापरलेला घ्या. हे अ‍ॅम्प मजबूत असतात, आणि गिटार सोडून देणारे लोक दुर्दैवाने पुष्कळ असतात.

जवारी

मिरजेचा. आमच्या घरी तंबोरे आणि सतारी होतात, गिटारमधलं मला फार कळत नाही. तरी हा धागा वाचून राहवलं नाही.

आमच्याकडे गिऱ्हाईक तंबोरा घ्यायला येतं तेव्हा अनुभवी माणूस चारी तारा छेडत बसत नाही. एकच तार छेडतो आणि थांबतो. सूर उठतो कसा हे कोणीही ऐकतं, तो विरतो कसा हे ऐकायचं असतं. आम्ही त्याला आस म्हणतो. जवारी, म्हणजे घोडीवर तार टेकते ती जागा, नीट लागलेली असेल तर तार विरताना आतले सूर एकेक करून उघडत जातात. घोडी कानसून, तारेखाली सुताचा दोरा सरकवून हे साधावं लागतं, आणि दोरा केसभर इकडचा तिकडे झाला तरी सगळं बंद होतं. अजिंक्यतारांनी डिस्टॉर्शनमध्ये वरचे कंप तयार होतात असं लिहिलं, ते वाचून वाटलं की काम एकाच जातीचं आहे. तारेच्या अंगात आहे त्याहून जास्त सूर ऐकवायचे, पण कर्कश होऊ द्यायचे नाहीत.

म्हणून ताई, अ‍ॅम्प बघायला जाल तेव्हा तुमचीच गिटार न्या. दुकानातली महाग गिटार लावून ऐकलेला आवाज तुमच्या घरी येणार नाही. इफेक्ट सगळे बंद. आवाज तुमच्या रात्रीच्या वेळेइतका, त्यापुढे नाही. दुकानदार वाढवायला येईल, वाढवू देऊ नका. एक सूर छेडा आणि तो पुरा विरेपर्यंत हात लावू नका. विरता विरता तो मध्येच तुटला, खरखरला किंवा खालून घरघर वर आली तर पुढचा अ‍ॅम्प बघा. मग एक कॉर्ड, सहाही तारा वेगळ्या ऐकू येतात का बघा. आणि पाठ करून ऐका. डब्यावरचं नाव दिसत असलं की कान ते नावच ऐकतात, हा अनुभव मिरजेत आम्हाला रोज येतो.

कृष्णाकाठ_५

जवारी, फार सुंदर प्रतिसाद. वाचनखूण साठवली.

विश्रामबागची

जवारी, तुमचं वाचल्यावर काल रात्री अकूस्टिकवरच एकेक तार छेडून थांबत बसले. सगळी पंचेचाळीस मिनिटं त्यातच गेली. इतक्या वर्षांत ए तारेची आस डी पेक्षा लांब आहे हे माझ्या लक्षात आलं नव्हतं.

बातमी अशी की वापरलेले दोन अ‍ॅम्प कळलेत. एक गावभागातला, एक मिरजेतला चॅम्पियन २०. शिवाय एका ओळखीच्यांकडे अमेरिकेहून आणलेला व्हॉल्व्हचा ५ वॉटचा अ‍ॅम्प आहे, ते फार कमी किमतीत देताहेत. ५ वॉट म्हणजे घराला योग्यच ना? सोल्डरगन, वापरलेला घेताना काय बघू?

सोल्डरगन

आधी अमेरिकेचा. मागच्या बाजूला व्होल्टेज वाचा. १२० व्होल्ट लिहिलं असेल आणि बदलायचा स्विच नसेल तर आपल्या २३० वर लावला त्या क्षणी फ्यूज उडेल किंवा ट्रान्सफॉर्मर जाईल. स्टेपडाउन ट्रान्सफॉर्मर लावून चालवता येतो, पण तो वेगळा खर्च आणि रोजची कटकट. शिवाय व्हॉल्व्हचा गोडवा अ‍ॅम्प जोर लावून चालवला की येतो, आणि ५ वॉटचा व्हॉल्व्ह अ‍ॅम्प जोरात चालवला तर काकूच काय, खालचं अख्खं पार्किंग जागं होईल. आणखी एक, असे अ‍ॅम्प घरी उघडू नका. बंद केल्यावरही आतल्या कपॅसिटरमध्ये काहीशे व्होल्ट साठून राहू शकतात.

आता गावभागातला. इथे सांगलीकर म्हणून बोलतो. २०१९ आणि २०२१ च्या पुरात नदीकाठच्या किती घरांत पाणी होतं ते आपण पाहिलंय. त्यातल्या वस्तू वाळवून, पुसून अजून फिरतात, आणि विकणाऱ्यालाही कधीकधी माहीत नसतं. अ‍ॅम्प उलटा करा. खालच्या पट्टीला बोटाने दाबा, भुसा दाबून केलेली फळी एकदा भिजली की कडेला फुगते आणि परत बसत नाही. मागच्या स्क्रूंवर गंज आहे का? स्पीकरच्या कागदी कोनावर चहाच्या कपाखाली उमटतो तसा डाग आहे का? जाळीला नाक लावा, गाळाचा वास वर्षानुवर्षं जात नाही. यातलं एक जरी आढळलं तर फुकट मिळाला तरी घेऊ नका.

हे नसेल तर बाकी सोपं. खुंट्या फिरवताना खरखर झाली तर घाबरू नका, कॉन्टॅक्ट क्लीनरने जाते. केबलचा जॅक हलवल्यावर आवाज तुटत असेल तर जॅक बदलून मिळतो, खर्च किरकोळ. वीस मिनिटं चालू ठेवून बघा, गरम झाल्यावर आवाज बारीक होणारा नको. व्हॉल्यूम शून्यावर असतानाही मोठी घरघर असेल तर नको.

आणि अ‍ॅम्प घरी आणण्याच्या आधी तुमच्या खोलीतल्या प्लगचं अर्थिंग वायरमनकडून तपासून घ्या. हे मी प्रत्येकाला सांगतो आणि जवळजवळ कोणीच करत नाही. इलेक्ट्रिक गिटारच्या तारा ब्रिजमधून, केबलमधून अ‍ॅम्पच्या अर्थला जोडलेल्या असतात. म्हणजे अ‍ॅम्पचं जे अर्थ, ते तुमच्या बोटांत. अर्थ नसेल आणि आत कुठे करंट उतरला तर तो तारांवर येतो. १९७२ मध्ये 'स्टोन द क्रोज' या स्कॉटिश बँडचे गिटारवादक लेस्ली हार्वे वेल्समध्ये स्वान्सी इथे मंचावर गेले ते असेच : हातात गिटार, आणि अर्थ नीट नसलेल्या माइकला हात लागला. आपल्याकडे घरघर कमी करायला तीन पिनच्या प्लगची अर्थ पिन काढून टाकणारे मी पाहिलेत. पाया पडून सांगतो, ते कधी करू नका. घरघर चालेल.

अजिंक्यतारा७

सोल्डरगनना अनुमोदन. आर्केस्ट्रात दोनदा झटका खाल्लाय, दोन्ही वेळा मांडवातला जनरेटर आणि माइकला लागलेला ओठ. आता मी टेस्टर लावल्याशिवाय माइकजवळ जात नाही.

तासगावचा_पोरगा

इन्व्हर्टरचं पण सांगा कोणीतरी. आमच्याकडे लाईट गेली की इन्व्हर्टरवर अ‍ॅम्प भुंग्यासारखा ओरडतो.

सोल्डरगन

तुमचा स्क्वेअर वेव्हचा असणार. साइन वेव्हवाल्यावर एवढा त्रास होत नाही. अ‍ॅम्प बिघडलेला नाही.

विश्रामबागची

आठवड्याने लिहितेय, पण सांगण्यासारखं बरंच आहे.

वायरमन आला. आमच्या बेडरूमच्या प्लगला अर्थची वायर होती, पण बोर्डाच्या मागे ती कुठेच जोडलेली नव्हती. नुसती गुंडाळी करून ठेवलेली. अकरा वर्षं त्याच प्लगवर इस्त्री केली आम्ही. त्याने ती जोडली, मग घरातले बाकीचेही तपासून घेतले, स्वयंपाकघरातला एक तसाच निघाला. सोल्डरगन, अ‍ॅम्प घेतला नसता तरी या धाग्याने माझं काम केलं होतं.

गावभागातला बघितला. वरून चकचकीत, नवं कापड लावलेलं. उलटा केला, खालची फळी कडेने फुगलेली. दाखवल्यावर त्या माणसाला खरंच आश्चर्य वाटलं, त्यानेही तो कुणाकडून तरी घेतला होता. किंमत अर्धी करतो म्हणाला. नको म्हटलं.

मिरजेचा चॅम्पियन २० मात्र घरात एका कोपऱ्यात चादरीखाली ठेवलेला होता, मुलगा परगावी गेल्यापासून. माझी गिटार घेऊन गेले होते. आवाज अगदी हळू ठेवून बी तार छेडली आणि थांबले. घरातल्या आजी चहा घेऊन आल्या होत्या, त्याही थांबल्या. सूर विरेपर्यंत कोणीच काही बोललं नाही. घरघर होती, पण सुराखाली, सुरात मिसळलेली नाही. मग पाठ करून बसले आणि मुलाने (बरोबर नेला होता, अभ्यासातून सुट्टी) दुकानातून दाखवायला मिळालेला ६ इंची दहा वॉटवाला आणि हा, असे आलटून पालटून लावले. दोन्हींचं क्लीन मला आवडलं. पण जाड तारांवर अंगठ्याने वाजवलं की ८ इंचीचा आवाज खाली पोचतो, ६ इंचीचा मध्येच संपतो. पाचही वेळा ओळखता आला. साडेसात हजारांना घेतला. खुंटीची खरखर आहे एका.

उरलेल्या पैशांत चांगली शील्ड असलेली तीन मीटरची केबल घेतली. घरी आल्यावर आधी अ‍ॅम्प जमिनीवर ठेवला होता, तर दुसऱ्या दिवशी काकू जिन्यात म्हणाल्या, "काल काहीतरी धमधम होत होतं का गं?" आवाज अगदी कमी असूनही.

अजिंक्यतारा७

अभिनंदन ताई! जमिनीवर आणि कोपऱ्यात ठेवू नका. कोपरा बास फुगवतो आणि स्लॅब तो खाली पोचवतो. लाकडी खुर्चीवर ठेवा, खाली जाड घडी घातलेली सतरंजी, आणि तोंड तुमच्या कानाकडे. अ‍ॅम्प पायाशी असला की ट्रेबल गुडघ्यांना ऐकू जातो आणि आपण उगीच आवाज वाढवत बसतो.

सोल्डरगन

त्यात एक भर. हळू आवाजात कानाला खर्ज कमी ऐकू येतो, हे फ्लेचर आणि मनसन यांनी १९३३ मध्येच मोजून दाखवलंय. म्हणून दुपारी मोठ्या आवाजात जुळवलेल्या खुंट्या रात्री तशाच ठेवू नका. रात्री बास थोडा वर घ्या, खुर्ची-सतरंजी केल्यावर काकूंना त्रास व्हायचा नाही. खुंटीची खरखर घेऊन या एखाद्या शनिवारी कुपवाडला, पाच मिनिटांचं काम आहे.

विश्रामबागची

खुर्ची, सतरंजी, कानाकडे तोंड, सगळं केलं. काकूंना मुद्दाम विचारलं, काही ऐकू आलं नाही म्हणाल्या. रिव्हर्ब थोडासा लावते, तासगावच्या भावा, तुझं बरोबर होतं. सासूबाई आता साडेनऊला दार उघडं ठेव म्हणतात.

एकच राहिलंय. मी वाजवत नसले की बारीक चर्रर्र असा आवाज येत राहतो. गिटार हातात घेऊन खोलीत फिरले तर एका दिशेला तोंड केल्यावर कमी होतो, दुसऱ्या दिशेला वाढतो. प्लग दुसऱ्या खोलीत लावून पाहिला, तिथे जवळजवळ नाही. अर्थिंग दोन्हीकडे आता ठीक आहे.

सोल्डरगन

दिशेप्रमाणे बदलतोय म्हणजे अ‍ॅम्पचा दोष नाही, तुमचे सिंगल कॉइल पिकअप हवेतून काहीतरी पकडताहेत. सिंगल कॉइल अँटेनासारखीच वागते. याच त्रासावर उपाय म्हणून गिब्सनमध्ये सेथ लव्हर यांनी १९५५ च्या सुमारास दोन कॉइल उलट जोडून हंबकर केला. तुमच्या गिटारला पाच जागांचा स्विच असेल, त्याची दुसरी आणि चौथी जागा लावून बघा. त्यात दोन कॉइल एकत्र येतात, बऱ्याच गिटारींत तिथे घरघर कमी होते.

पण चर्रर्र म्हणताय, नुसता हं नाही. त्या खोलीत पंख्याचा रेग्युलेटर कुठला आहे? गोल फिरणारा, कितीही हळू करता येतो असा? पंखा फुल करून बघा, मग पूर्ण बंद करून.

विश्रामबागची

केलं. पंखा तीनवर असताना चर्रर्र, फुल केला की गायब, बंद केला तरी गायब. रेग्युलेटर गोल फिरणाराच आहे.

सोल्डरगन

सापडला चोर. त्यातला ट्रायॅक विजेची प्रत्येक लाट मध्येच कापतो, तेच तुमचे पिकअप ऐकतात. कपॅसिटरवाला, टप्प्याटप्प्याचा रेग्युलेटर बसवून घ्या, तो असं कापत नाही. कुठल्याही इलेक्ट्रिकच्या दुकानात मिळेल.

विश्रामबागची

उद्या वायरमनला परत बोलावते. तोपर्यंत साडेनऊला पंखा फुल.